आठजणींचं तिकीट

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



काल गटचर्चेत एकीनं विचारलं, ‘‘मुलींचा संघ सुरुवातीचे चार सामने जिंकतो, पेपरात फोटो येतो, आणि मग पुढे त्याचं काय होतं?’’ तो प्रश्न रात्रभर माझ्या डोक्यातून गेला नाही. मी स्वतः कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे. आम्ही पहिल्या फेरीत जिंकलो त्या वर्षी पुढच्या फेरीला पाठवायला कॉलेजकडे पैसे नव्हते. मुलांच्या क्रिकेटचे नवे पॅड मात्र त्याच आठवड्यात आले. असो. आज सांगणार आहे ती हकिकत अमेरिकेतली आहे, पण ऐकताना फार लांबची वाटणार नाही.

फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेला इमॅक्युलाटा नावाचं कॉलेज आहे. त्या काळी ते फक्त मुलींचं, कॅथलिक नन्सनी चालवलेलं. १९६७ साली तिथलं खेळाचं सभागृह जळालं, आणि मुली कॉन्व्हेंटच्या तळघरात सराव करू लागल्या. १९७० साली कॅथी रश प्रशिक्षिका म्हणून आली. वय तेवीस. पगार अख्ख्या मोसमाचा ४५० डॉलर. संघाचा गणवेश म्हणजे लोकरी कापडाचा, चुण्यांचा झगा. धावणाऱ्या मुलीला त्यात घाम किती येईल, हे तो ठरवणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं. त्यांना काळजी गुडघ्यांची!

आता थोडं मागं जाऊ, कारण हे आपल्या कामाचं आहे. बास्केटबॉल १८९१ सालचा. दोन वर्षांच्या आत स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींना शिकवला. पण शिकवताना मैदानाचे तीन भाग पाडले. ज्या मुलीला जो भाग दिला, तिनं त्यातच राहायचं. मुलींना दम लागेल, झटापट होईल, ते बरं दिसणार नाही, ही त्या वेळची समजूत. बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी तेवढी मुरड घातली नसती तर मुलींच्या हातात चेंडू कदाचित आलाच नसता. पण तात्पुरती म्हणून घातलेली मुरड किती टिकावी? पुढची कित्येक दशकं बायकांचा खेळ सहाजणींचा आणि रेषेपाशी थांबायचा राहिला. पाचजणींनी पूर्ण मैदानभर धावायचा खेळ अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींसाठी १९७१ साली अधिकृत झाला. म्हणजे आपण ज्या मोसमाबद्दल बोलतोय, तो तसा पहिलाच.

त्या मोसमाला इमॅक्युलाटानं जी सुरुवात केली, ती बघण्यासारखी होती. सामन्यामागून सामने जिंकत गेल्या. प्रशिक्षिका चोवीस वर्षांची, मुख्य खेळाडू थेरेसा शँक दुसऱ्या वर्षाला. थेरेसाच्या घराला आग लागली होती, म्हणून ती लांबच्या कॉलेजात न जाता इथं आली होती. चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगतात, ते मला पटत नाही. फिलाडेल्फियाच्या कॅथलिक शाळांमध्ये मुलींचे संघ होते, त्यांच्या स्पर्धा होत्या, सामन्याला वस्तीतली माणसं यायची. या मुली लहानपणापासून खेळत आल्या होत्या. एका मुलीच्या वडलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांनी पत्र्याच्या बादल्या आणल्या, आणि नन्स त्या काठीनं बडवून सामन्यात कल्लोळ करायच्या. डोळ्यांपुढे आणा!

मग विभागीय अंतिम सामन्यात शेजारच्याच वेस्ट चेस्टरनं त्यांना बत्तीस गुणांनी हरवलं. मोसमातली ही एकच हार. याच वेस्ट चेस्टरच्या प्रशिक्षिका कॅरोल एकमन यांनी १९६९ साली, कुणी भरवत नाही म्हणून, मुलींची राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा स्वतः भरवली होती. कॅथी रशही तिथलीच विद्यार्थिनी. हरूनही इमॅक्युलाटाला सोळा संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली, क्रमांक पंधरावा. स्पर्धा इलिनॉय राज्यात. विमानाचे पैसे कुठून आणायचे? मुलींनी टूथब्रश विकले. इकडून तिकडून मागितले. जमले ते आठजणींपुरते. बाकीच्या घरी राहिल्या. ज्या गेल्या त्यांनाही पक्की जागा नव्हती. विमानात जागा उरली तर बसायचं, असं तिकीट.

१९ मार्च १९७२ रोजी अंतिम सामना. समोर पुन्हा वेस्ट चेस्टर. इमॅक्युलाटा ५२, वेस्ट चेस्टर ४८.

जिंकल्या याचा आनंद मलाही होतो. पण दर वेळी ही गोष्ट सांगताना मी अडखळते ती मागे राहिलेल्या मुलींपाशी. त्यांना निवड समितीनं वगळलं नव्हतं, टूथब्रश कमी खपले होते. आपल्याकडे कौतुक करणारे लगेच म्हणतात, ‘‘बघा, पैसे नसतानाही मुली जिंकल्या!’’ या वाक्यापासून सावध राहा. पुढच्या वर्षीही पैसे न देण्यासाठी ते वापरलं जातं.

तीनच महिन्यांनी, २३ जून १९७२ ला, तिथं ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही. खेळही त्यात आले. इमॅक्युलाटानं १९७३ आणि १९७४ साली पुन्हा विजेतेपद मिळवलं. पण मोठ्या विद्यापीठांनी मुलींना शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केल्यावर या छोट्या कॉलेजाचा टिकाव लागला नाही. १९७७ साली कॅथी रश तिथून गेली. बायकांनीच उभारलेली आणि बायकाच चालवत असलेली जी संघटना या स्पर्धा भरवायची, तीही १९८२ नंतर बंद पडली. कारभार पुरुषांच्या मोठ्या संघटनेकडे गेला. १९७२ साली मुलींच्या कॉलेज-संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. आज निम्म्याही नाहीत. मुली कितीतरी पटींनी जास्त खेळतात हेही खरंच. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय लावून घ्या.

आणखी एक, जरा कडू. बादल्या आणणाऱ्या त्या वडलांची मुलगी, रीनी पोर्टलंड, पुढे नामांकित प्रशिक्षिका झाली. संघात समलिंगी मुली चालणार नाहीत, असं ती उघड म्हणायची. अखेर एका खेळाडूनं दावा लावला, तो मिटल्यावर २००७ साली तिनं राजीनामा दिला. त्याच तळघरात घडलेली बाई. आपल्या गौरवगाथांमधून अशी पानं आपण फाडून टाकतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

माझी वेळ संपली आहे. काल ज्या बहिणीनं प्रश्न विचारला, तिच्या गावच्या मुलींचा संघ दोन सामने जिंकलाय आणि पुढचा सामना जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. अकरा मुली आहेत. एस.टी.चं जाण्यायेण्याचं भाडं आणि एक वेळचं जेवण, असा हिशेब तिनं लिहून आणलाय. तो कागद आता फिरवते. चर्चा तिथूनच सुरू करू.