बेटावरचे दुकान

(आकाशवाणीवरील भाषण)

बेट म्हणविण्यासाठी चहूकडे समुद्रच असावा लागतो असे नाही. ज्या मुलखाची वाट बिकट, जेथील माणसे आपल्या गरजा बहुतांशी आसपासच भागवितात आणि जेथे बाहेरचा पैसा क्वचितच पोचतो, तो मुलूख अर्थव्यवहाराच्या दृष्टीने बेटच होय. अशा बेटावर एखाद्या बड्या कंपनीच्या दुकानांची साखळी येऊन उभी राहिली म्हणजे काय होते, हा प्रश्न आज जगातील अनेक छोट्या बेटांपुढे आहे. कोकणातून गेलेली मराठी कुटुंबे ज्या मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, तेथेही अन्नाचा मोठा भाग जहाजातूनच उतरतो. परंतु हा प्रश्न समजून घेण्यास समुद्र ओलांडावयास नको. यवतमाळ जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की पुरे. पलीकडे आदिलाबाद जिल्हा लागतो. तेथे तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू यांच्या जोडीने मराठीही घरोघरी बोलली जाते. या जिल्ह्यातील उटनूरकडचा डोंगराळ भाग हे एके काळी असेच एक बेट होते.

या बेटावरील व्यवहार कसा चाले? गोंड शेतकरी ज्वारी आणि डाळी पिकवी. परधान त्याच्या कुळाच्या कथा गाई आणि त्याबद्दल त्याला धान्य मिळे. ओझा पितळेच्या मूर्ती, घुंगरे आणि दिवे ओती. कोलाम बांबूच्या टोपल्या विणून देई. केसलापूरच्या नागोबाच्या पूजेसाठी मेस्रम कुळाचे लोक आजही सिरिकोंड्याच्या कुंभाराकडून मडकी करवून घेतात. मीठ आणि कापड एवढेच काय ते बाहेरून येई. एका घरचे धान्य दुसऱ्या घरी जाई आणि त्या घरचे श्रम पहिल्या घरी येत. संपत्ती थोडी होती, पण ती गावातल्या गावात फिरत असे.

हे चित्र वाचून कोणी त्याला रामराज्य समजू नये. या बेटावर दुकानदार फार पूर्वीच येऊन पोचला होता आणि तो सज्जन होता असे इतिहास सांगत नाही. मापात मारणे, सुगीला स्वस्त घेणे, पावसाळ्यात महाग विकणे आणि कर्जाच्या पोटी जमीन लिहून घेणे ही त्याची रीत होती. कुमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे मारला गेला. त्याच्या बंडामागे जमीन आणि जंगल यांवरील हक्काचे दुःख होते. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला या भागात पाठविले. मार्लवाई गावी राहून त्याने गोंडांच्या जीवनाचा अभ्यास केला, त्यांच्यासाठी शाळा सुरू करविल्या आणि गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत करविली. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही या जिल्ह्यात अधिकारी असताना गोंडी भाषेचा अभ्यास केला. सावकार आणि व्यापारी यांच्या हाती जमीन कशी जाते, हे या अभ्यासकांनी लिहून ठेविले आहे.

पुढे कायदे झाले. अनुसूचित भागातील जमिनीच्या हस्तांतरणाबाबतचा १९५९ चा विनियम १९६३ साली तेलंगणाला लागू झाला आणि १९७० साली तो अधिक कडक करण्यात आला. तरीही २० एप्रिल १९८१ रोजी, बाजाराच्या दिवशी, इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ जण मृत्यू पावले. लोक याहून पुष्कळ मोठा आकडा सांगतात. दुकान, कर्ज आणि जमीन यांचा संबंध किती जवळचा असतो, याची ही दारुण साक्ष आहे. म्हणून छोट्या दुकानदाराचे गोडवे गाऊन मोठ्या दुकानाचा प्रश्न सुटत नाही.

या दुखण्यावर सरकारने जो उपाय योजिला, तो मोठा उद्‌बोधक आहे. सरकारने स्वतःच दुकानांची एक साखळी काढली. गिरिजन सहकारी महामंडळ १९५६ साली विशाखापट्टण येथे स्थापन झाले आणि पुढे तेलंगणातील आदिवासी भागातही पसरले. या महामंडळाच्या डेपोत मीठ, तेल, साबण असा संसाराचा माल मिळे. पण त्याचे खरे वैशिष्ट्य निराळे होते. त्याच डेपोत गोंड आणि कोलाम माणूस आपला माल घेऊन येई. कांडोळाचा डिंक, मोहाची फुले आणि टोळंबी, चारोळी, रिठे, मध हे सारे तेथे ठरलेल्या भावाने तोलून घेतले जाई. म्हणजे एकाच दाराने माल आत येई आणि बाहेरही जाई.

या योजनेतही उणीव होतीच. कायद्याने एकच ग्राहक ठरवून दिला म्हणजे त्याने ठरविलेला भाव हाच भाव होऊन बसतो. दुसरीकडे अधिक मिळत असले तरी माल तिकडे नेता येत नाही. वनातील गौण उपजांवर गावकऱ्यांचाच हक्क आहे, हे तत्त्व पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केले. तथापि विकणाऱ्या दुकानाने विकतही घ्यावे, ही डेपोमागील कल्पना मूलतः निकोप होती.

दरम्यान बेटाचा किनारा आपोआप खचत होता. काळ्या जमिनीत ज्वारीच्या जागी कापूस आला. आदिलाबाद हे कापसाच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक झाले. हातात रोकड आली, पण कणगी रिकामी झाली. जे कुटुंब पूर्वी वर्षाचे धान्य घरात साठवी, ते आता तांदळापासून तेलापर्यंत सारे विकत आणू लागले. बी आणि खत उधारीवर, धान्य विकत आणि कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरलेला, अशी ही नवी रीत. मोठे दुकान नंतर आले. त्याच्यासाठी गिऱ्हाईक आधीच तयार झाले होते.

२००६ साली हैदराबादेत रिलायन्सने भाजीपाल्याची व किराणा मालाची पहिली दुकाने उघडली. २०१२ साली केंद्र सरकारने किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलास काही अटींवर परवानगी दिली. त्यावर देशभर वाद झाला. परकीय असो वा देशी, साखळी दुकानांची पावले महानगरांतून जिल्ह्याच्या गावांकडे वळली आहेत, हे तर उघडच आहे. हैदराबाद आणि नागपूर यांना जोडणाऱ्या महामार्गालगतच्या गावांना ते दूरचे राहिलेले नाही.

अशा दुकानाचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. ज्या समाजाला तीन पिढ्या तराजूने फसविले, त्याला वेष्टनावर छापलेली किंमत आणि वजन म्हणजे मोठाच दिलासा आहे. तेथे घासाघीस नाही, जातपात विचारली जात नाही. डोंगरातून आलेली स्त्री आपल्या हाताने वस्तू निवडते आणि पावती घेऊन बाहेर पडते. ही लहान गोष्ट नव्हे.

पण दुसरी बाजूही पाहावी. अशा दुकानात सहसा उधारी नसते. आषाढ-श्रावणात जेव्हा घरात दाणा नसतो आणि कापूस अजून झाडावरही आलेला नसतो, तेव्हा गल्लीतला किराणेवालाच वही उघडतो. त्याची वही कधी फासही ठरते हे खरे. पण फास सोडवावा म्हणून आधारच काढून घेतला तर माणूस पडतो. शिवाय किराणेवाल्याला झालेला नफा त्याच गावातल्या सुताराकडे, शिंप्याकडे आणि शाळेच्या वर्गणीकडे जातो. साखळी दुकानातील नफा संध्याकाळी दूरच्या शहरातील खात्यावर जमा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ते दुकान डोंगरातल्या माणसाला माल विकते, पण त्याच्याकडून बहुधा काहीच घेत नाही. पैसा एका वाटेने बाहेर जातो. परतीची वाट बांधलेलीच नसते.

एवढ्यावर भागत नाही. मोठे दुकान कायमचे असते असेही नाही. चेन्नईत १९९७ साली सुरू झालेली सुभिक्षा ही साखळी सुमारे १,६०० दुकानांपर्यंत वाढली आणि २००९ साली बंद पडली. बिग बझारचे नाव देशात घरोघरी माहीत होते. २०२२ साली त्याचाही डोलारा कोसळला. महानगरात एक दुकान बंद झाले तर दुसरे शेजारी असते. छोट्या बेटावर मात्र तोवर लहान दुकानांची फळी मोडून गेलेली असते, आणि ती एका दिवसात पुन्हा उभी राहत नाही.

मग करावे काय? दार बंद करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. उपायाची दिशा याच मातीत सापडते. उटनूर येथे आदिवासी स्त्रियांच्या सहकारी संस्थेने मोहाच्या फुलांचे लाडू करून ते आश्रमशाळांतील मुलींसाठी पुरविले. फूल इथले, हात इथले, खाणारे इथले आणि पैसाही इथेच राहिला. ओझा समाजाच्या ओतकामाला, ज्याला आदिलाबाद डोकरा म्हणतात, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हा माल इथलाच, अशी मोहोर त्यावर उमटली. २०१२ च्या परकीय भांडवलाच्या धोरणात ३० टक्के माल लहान उद्योगांकडून घेण्याची अट होती. तिच्यामागचे तत्त्व देशी दुकानांनीही आपणहून पाळावयास काय हरकत आहे? डोंगरातला मध, डाळी, चारोळी, डिंक आणि मोहाचे लाडू यांना त्या झगमगत्या फळ्यांवर जागा मिळाली, तर त्याच दुकानाचे रूप पालटेल.

इंद्रवेल्लीच्या बाजारात आणि शहरातल्या मोठ्या दुकानात, दोन्ही ठिकाणी माल तोलला जातो. पूर्वी तराजूची दांडी वाकविली जाई म्हणून गोंड माणूस नागवला गेला. आता दांडी सरळ आहे, पण एकाच पारड्यात माल पडत आहे. दुकान मोठे की लहान, देशी की परके, हे प्रश्न आपापल्या जागी आहेत. नव्या दुकानाच्या दारात उभे राहून गावाने आधी एवढेच विचारावे : तुम्ही आम्हांला काय विकणार ते दिसतेच आहे, आमच्याकडून काय घेणार, ते सांगा.