सोडा म्हणजे नेमका कोणता सोडा?

आज आपण साध्या पांढऱ्या पुडीबद्दल बोलणार आहोत.

मागच्या वर्षी आमच्या गटात साबण बनवायचं शिक्षण होतं. बाजारातून सुटं सामान आणलं. त्यात साबणासाठी कॉस्टिक सोडा होता आणि दुपारच्या भज्यांसाठी खाण्याचा सोडा. दोन्ही पांढरे, दोन्ही बिननावाच्या पिशव्यांत. आमच्यातल्या एका काकूंनी पिठात घालायला चिमूट घेतली आणि ओल्या बोटांची आग व्हायला लागली, म्हणून कळलं. हात लगेच पाण्याखाली धरला. पीठ आम्ही फेकून दिलं. पण ती भजी पोरांच्या ताटात गेली असती तर? त्या रात्री आम्हाला कुणालाच नीट झोप लागली नाही.

चूक काकूंची नव्हती. चूक नावाची होती. ‘सोडा’ हे एकच नाव आपण तीन वेगळ्या पदार्थांना देतो. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. आणि कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. हा कातडी जाळतो, पोटात गेला तर अन्ननलिकाही जाळतो.

गावात एकाच नावाच्या चार सुनीता असल्या तर आपण आधार नंबर बघतो ना? तसंच रसायनांचं आहे. अमेरिकेतली केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिस ही संस्था १९६५ पासून प्रत्येक रसायनाला वेगळा नंबर देते. त्याला कॅस नंबर म्हणतात. भाषा बदलली, कंपनी बदलली, तरी नंबर तोच. खाण्याचा सोडा १४४-५५-८, धुण्याचा ४९७-१९-८, कॉस्टिक १३१०-७३-२.

यातला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. गटाचा हिशेब आपण दोनदा तपासतो, तसाच. १४४-५५-८ घ्या. शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेले आकडे उजवीकडून घेऊन १, २, ३, ४, ५ ने गुणा : ५, १०, १२, १६, ५. बेरीज ४८. बेरजेचा शेवटचा आकडा ८, म्हणजे नंबर बरोबर लिहिला आहे.

खाण्याच्या पाकिटावर मात्र वेगळा नंबर असतो. बिस्किटाच्या पुड्यावर ५००(ii) असं बारीक अक्षरात दिसलं, तर तो खाण्याचा सोडाच.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कॅस नंबर पदार्थ कोणता ते सांगतो, तो किती शुद्ध आहे ते सांगत नाही. म्हणून खायच्या वस्तूसाठी एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असलेलं बंद पाकीटच घ्यायचं.

आमच्या गटाने आता चार नियम केलेत. एक, सुटं रसायन घ्यायचं नाही. दोन, डब्यावर पूर्ण नाव आणि नंबर लिहायचा. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी कॉस्टिकच्या डब्यावर लाल फुली मारायची. तीन, कॉस्टिक स्वयंपाकघरात आणायचं नाही आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरायचं नाही. चार, साबण करताना हातमोजे आणि चष्मा घालायचा, आणि कॉस्टिक हळूहळू पाण्यात टाकायचं; कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, ते उसळतं.

तरीही अंगावर उडालं, तर निदान वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. कुणी गिळलं तर उलटी करवू नका. १०८ला फोन करा आणि ते पाकीट दवाखान्यात सोबत न्या. त्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना लगेच कळतं की पोटात काय गेलंय.

आज घरी गेल्यावर एकच काम करा, बायांनो. फळीवरच्या बिननावाच्या पुड्या खाली काढा. ओळख पटली तर नाव लिहा. नाही पटली, तर चाखून किंवा वास घेऊन बघू नका. पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वेगळी ठेवा आणि पुढच्या बैठकीत विषय काढा.