कोपीवरची सोलर प्लेट आणि बॅटरीची निगा

ऊसतोडीला निघताना आता भांड्याकुंड्यांबरोबर सोलर प्लेट आणि बॅटरीही ट्रॅक्टरवर चढते. पहाटे अंधारात आपण फडावर, लेकरं कोपीत निजलेली. साप-विंचवाचं भय. दिवा हवाच. पण पैसे साठवून घेतलेली बॅटरी पुष्कळदा वर्षभरातच बसते. का?

एक, प्लेटची वायर थेट बॅटरीला जोडली जाते. १२ व्होल्ट बॅटरीसाठीची प्लेट उन्हात १८ ते २० व्होल्ट देते. रोज जास्त चार्जिंग होऊन बॅटरीतलं पाणी उडतं. मधे चार्ज कंट्रोलर लावा. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना आधी प्लेट.

दोन, बॅटरी पार रिकामी केली जाते. अर्धी उरली की थांबा. हिशेब सोपा आहे. ५ वॅटचे २ बल्ब ६ तास जळले तर ६० वॅट-तास लागतात. ४० वॅटची प्लेट ५ तासांच्या कडक उन्हात, तूट धरूनही, १२० तरी देते. दोन मोबाइल त्यातच भागतात. टीव्ही मात्र भागणार नाही.

प्लेटचं तोंड दक्षिणेला ठेवा, धूळ रोज पुसा. कोपऱ्यावर सावली पडली तरी चार्जिंग फार घटतं.

बॅटरी चुलीजवळ नको, बंद पेटीत नको. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. आत ॲसिड असतं, म्हणून लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला.

आणि बायांनो, पावती व वॉरंटी कार्ड जपून ठेवा. बॅटरी बदलून मागताना तेच कामी येतं.