एकोणतीस नंबर, हजर

(शाळेच्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू विनोदी बोल. शहर, सिनेमा, क्रिकेट, राजकारण, काहीही चालेल. फक्त पंधरा मिनिटांत आवर." आणि वेळ दिली दुपारी पावणेदोनची. पुण्यात. मसालेभात आणि जिलबीच्या नंतर. त्यामुळे एक ते चारवरचा विनोद मी करणार नाही. तो मागच्या दोन रांगांमध्ये आधीच सुरू झालेला मला इथून दिसतोय.

आज मी कुणाचंही नाव घेणार नाही. तसं मला बजावलेलं आहे, कुणी ते पुढे कळेल. म्हणून आपण हजेरीचे नंबर वापरू. तसेही आपण नंबरानेच जास्त ओळखले जातो. मघाशी दारात गणिताच्या बाई भेटल्या. मी लग्नानंतरचं नाव सांगितलं, ओळख लागेना. माहेरचं सांगितलं, विचारात पडल्या. "दहावी अ, तीस नंबर" म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, "तू स्टेप्स गाळायचीस." बाई, मी अजून गाळते. आता त्याला ऑप्टिमायझेशन म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो.

तर पहिला विषय, शहर. आपण शाळेत सायकलने सात मिनिटांत पोचायचो, त्यात चेन पडली तर नऊ. आता मी हिंजवडीच्या ऑफिसला जाते. किती वेळ लागतो हे मी सांगत नाही, कारण कंपनीत माझं काम अंदाज देण्याचंच आहे आणि तेवढा एक अंदाज मला आजवर बरोबर देता आलेला नाही. विद्यापीठ चौकात आपण मोठ्या कौतुकाने पूल बांधला आणि २०२० साली पाडला, कारण मेट्रो आणि पूल एकावर एक करायचे होते. आमच्या धंद्यात याला रिफॅक्टरिंग म्हणतात. चालू असलेली गोष्ट पाडायची आणि वापरणाऱ्यांना सांगायचं, थोडा त्रास होईल, पण रचना सुधारते आहे. फरक इतकाच की आम्ही हे शनिवारी रात्री करतो. आणि लकडी पूल! त्यात लाकूड नाही, अधिकृत नाव संभाजी पूल आहे, तरी आपण लकडी पूलच म्हणतो. कागदपत्रं सुधारली, पण वापरणाऱ्यांनी वाचलीच नाहीत. हे तर माझ्या रोजच्या कामाचं वर्णन झालं.

मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, तेव्हा माझे आईबाबा वनाजहून गरवारे कॉलेजपर्यंत गेले आणि परत आले. जायचं कुठेच नव्हतं. बाबांना विचारलं, कशी वाटली? म्हणाले, "रस्ता वरून बरा दिसतो."

दुसरा विषय, सिनेमा. आपण दहावीत असताना, १९९५ मध्ये, 'रंगीला' आला आणि स्नेहसंमेलनात त्यातल्या गाण्यावर नाच बसवायचा आपण घाट घातला. पहिल्याच तालमीला मराठीच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काही न बोलता नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीपासून आपण कोळीनृत्य बसवलं. त्याच ऑक्टोबरात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला आणि मुंबईच्या मराठा मंदिरात तो वर्षानुवर्षं चालतच राहिला. मी इतकी वर्षं सॉफ्टवेअर लिहितेय. माझ्या एकाही प्रोजेक्टला इतका दीर्घ मेंटेनन्स मिळालेला नाही. आता माझी मुलगी अख्खा सिनेमा तीस सेकंदांच्या तुकड्यांत बघते आणि वर मला सांगते, "शेवटी ती ट्रेन पकडते, माहितेय मला."

तिसरा विषय, क्रिकेट. इथून मला जरा सांभाळून बोलावं लागेल.

मार्च १९९६. दहावीची परीक्षा आणि वर्ल्डकप एकाच महिन्यात. कुठल्या मंडळाने हे वेळापत्रक जुळवलं होतं कोण जाणे, पण आपल्या अख्ख्या तुकडीचे दोन-चार टक्के तरी त्यात गेले. आमच्याकडे बाबांनी केबलची वायर काढून कपाटात ठेवली होती आणि कपाटाची किल्ली जानव्याला. त्यामुळे १३ मार्चला, बुधवारी, भारत-श्रीलंका सेमीफायनल बघायला मी "भूमितीची उजळणी" करायला एकोणतीस नंबरकडे गेले.

एकोणतीस नंबर आणि मी पहिलीपासून शेजारी. आडनावांच्या कृपेने हजेरीत ती पुढे, मी मागे. तिचे वडील आपण नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीत गेले, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. मग तिच्या आईने घरीच खानावळ सुरू केली आणि दहावीचं वर्ष तिने एका हाताने पोळ्या लाटत आणि दुसऱ्या हाताने पुस्तक धरून काढलं. त्या रात्रीही ती पोळ्या लाटत होती आणि मी तिला स्कोअर सांगत होते. एक बाद ९८ होते. सचिन ६५ वर यष्टिचीत झाला आणि बघता बघता आठ बाद १२०. ईडन गार्डन्सवर बाटल्या पडल्या, जाळपोळ झाली, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडनी सामना श्रीलंकेला दिला. विनोद कांबळी रडत बाहेर आला. त्याला बघून आम्ही रडलो. आम्हाला बघून तिची आई रडली. आणि नेमके तेवढ्यात बाबा मला न्यायला आले. त्यांनी भूमितीचं पुस्तक उघडून बघितलं, त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "असल्या मैत्रिणी परीक्षेनंतर."

पुढे मी इंजिनिअरिंगला गेले. ती बारावीनंतर पूर्णवेळ खानावळीत. आज तिचे रोज दीडशे डबे जातात.

चौथा विषय, राजकारण. हसू नका, हा विषय तुम्ही सगळ्यांनी मिळून गाजवलेला आहे.

आपण दहावी झालो त्या मे महिन्यात दिल्लीत तेरा दिवसांचं सरकार आलं आणि गेलं. निकालाच्या काळजीत आपल्याला त्याचं काही वाटलं नाही. पण २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी आपण सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. रात्री झोपताना एक मुख्यमंत्री ठरत होते, सकाळी उठून बघतो तर दुसऱ्यांचा शपथविधी उरकलेलासुद्धा. पहाटेच. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर दुपारपर्यंत इतके मेसेज पडले की माझा फोन गरम झाला. एरवी "शुभ सकाळ"पलीकडे न जाणारा बारा नंबर घटनेतली कलमं टाकत होता. सतरा नंबरने एकच चित्र चार वेळा पाठवलं. भूगोलाचे सर "मुलांनो, शांत व्हा" एवढंच लिहून नाहीसे झाले.

त्यात एकोणतीस नंबरने एका बाजूने लिहिलं. मी दुसऱ्या बाजूने लिहिलं. तिने उत्तर दिलं, मी प्रत्युत्तर दिलं. आणि मग मी एक वाक्य लिहिलं. ते मी आज इथे मोठ्याने म्हणणार आहे, कारण पंधरा मिनिटांत हे बसवायचं तर मला आता विनोद गाळावे लागतील, स्टेप्स नाही. मी लिहिलं होतं, "राजकारणावर बोलायला थोडं शिकलेलं असावं लागतं."

ग्रुपवर आपण ६१ जण होतो. मी नंतर बघितलं, जवळपास सगळ्यांनी वाचलं होतं. कुणी काही बोललं नाही. दोन मिनिटांनी ती करड्या अक्षरांतली ओळ आली, एकोणतीस नंबर ग्रुपमधून बाहेर पडल्याची. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला वाटला विजय. वर मी तिचा नंबर ब्लॉकही केला, जणू तीच मला काहीतरी बोलली होती.

ते सरकार साधारण ८० तास टिकलं. आपली सातवीची महाबळेश्वरची सहलसुद्धा तीन दिवसांची होती. ८० तासांच्या सरकारपायी ३३ वर्षांची मैत्री मी चार वर्षं बंद ठेवली. ज्यांच्यावरून आम्ही भांडलो, ते नंतर एकमेकांबरोबर गेले, सोडून आले, सुरत-गुवाहाटी फिरले, पुन्हा बसले. त्यांच्यात कुणीच कुणाला ब्लॉक केलेलं दिसत नाही.

आता पुन्हा क्रिकेट. १५ नोव्हेंबर २०२३. पुन्हा बुधवार, पुन्हा वर्ल्डकपची सेमीफायनल, वानखेडेवर, न्यूझीलंडशी. त्या दिवशी भाऊबीज होती. पण आमच्या क्लायंटच्या कॅलेंडरमध्ये भाऊबीज नसते, म्हणून मी हिंजवडीत होते. दुपारी साडेचारच्या सुमाराला आईचा फोन आला. बाबा न्हाणीघरात पडलेत, उठता येत नाही, पाय वाकडा दिसतोय.

माझा भाऊ शिकागोला, तिकडे पहाट. नवरा बंगळुरूला. शेजारच्या काकू भाऊबिजेला सांगलीला. आणि माझ्या आणि बाबांच्या मध्ये अख्खं पुणे, त्यात सगळे भाऊ बहिणींकडे आणि सगळ्या बहिणी भावांकडे निघालेल्या. मी फोनमधली नावं वरखाली करत होते आणि मला माहीत होतं की घरापासून चालत सात मिनिटांवर कोण राहतं. तांत्रिकदृष्ट्या सांगते, ब्लॉक केलेल्या नंबरला आपण फोन करू शकतो, फक्त तो आपल्याला करू शकत नाही. पण तिला मला उलट फोन करावा लागला असता. म्हणून आधी अनब्लॉक केलं आणि मग लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. हॅलो नाही, काही नाही. "बोल. काय झालं?"

ती भावाला पाटावर बसवून ओवाळायला उभी होती. तबक तिथेच ठेवून निघाली. जाताना १०८ ला फोन केला. आमच्या वाड्याच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत. म्हणून कोपऱ्यावरच्या मंडळात मॅच बघत बसलेली चार पोरं तिने उठवली. विराट कोहली नव्वदीत होता, पन्नासावं शतक व्हायचं होतं, सचिन स्वतः स्टेडियममध्ये बसला होता, आणि ती पोरं उठली. मला विचाराल तर त्या दिवसातली सर्वांत मोठी खेळी तीच. जाड सोलापुरी चादरीची झोळी करून त्यांनी बाबांना खाली आणलं. त्या वेळी मी वाकडच्या पुलाखाली होते. शेजारच्या रिक्षातून एकदम ओरडा झाला, पुढच्या गाडीने हॉर्न वाजवून ताल धरला, म्हणजे शतक झालं. अख्खा रस्ता आनंदात होता आणि जागचा हलत नव्हता.

मला पोचायला दोन तास दहा मिनिटं लागली. तोवर बाबांचा एक्स-रे झाला होता, खुब्याचं हाड मोडल्याचं कळलं होतं, आई कॉफी पीत होती. बाबांनी वेदनेच्या त्या इंजेक्शनच्या गुंगीत एकोणतीस नंबरला विचारलं होतं म्हणे, "स्कोअर काय झाला गं?" तिने सांगितलं, "काका, चार बाद ३९७. पण तुमची केबल काढून ठेवलीये, परीक्षा झाल्यावर बघा." बाबा हसले म्हणे. आई सांगते, पडल्यापासून पहिल्यांदा.

मी तिच्यासमोर उभी राहिले. चार वर्षं मनात लिहून ठेवलेली वाक्यं होती, त्यातलं एक बाहेर पडेना. शेवटी म्हटलं, "अगं, त्या दिवशी मी जे..." तिने माझ्या हातात दवाखान्याचा फॉर्म दिला आणि म्हणाली, "आधी हा भर. शिकलेली आहेस ना."

आम्ही दोघी त्या कॉरिडॉरमध्ये इतक्या हसलो की नर्सने येऊन दटावलं. अगदी मराठीच्या बाईंसारखं, न बोलता, नुसतं बघून.

बाबा आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात. मी माहेरच्या गल्लीत राहायला आले, मतदारयादीतलं नावही इकडे आणलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या मतदानाला आम्ही दोघी एका स्कूटरवरून गेलो. केंद्र आपल्याच शाळेत, दहावी अ च्या वर्गात. रांगेत ती पुढे, मी मागे. दोघींनी वेगवेगळी बटणं दाबली आणि बाहेर येऊन एकमेकींना सांगितलं की देशाचं वाटोळं तू करणार आहेस. मग तिच्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली. आमची मतं अजिबात जुळलेली नाहीत. ती चुकीची आहे, हे माझं ठाम मत कायम आहे. तिचंही.

ती आज आली आहे. आजचं जेवण तिचंच होतं. मला तिने बजावलं होतं, "माफीबिफी मागू नकोस, माझं नाव घेऊ नकोस, विनोदी बोल." नाव मी घेतलेलं नाही. विनोदी जमेल तेवढं बोलले. पण तिसरी अट मला पाळता येत नाही. वाईट बोलले ते मी ६१ जणांसमोर बोलले होते, त्यामुळे माफी एकटीच्या कानात मागून चालणार नाही. माझं चुकलं. आणि त्या दिवशी वाचून गप्प राहिलेल्यांनो, जेवण झाल्यावर तिला "मसालेभात छान झाला होता" एवढं तरी म्हणा.

बारा नंबर, तू ग्रुपचा अ‍ॅडमिन आहेस. घटनेतली कलमं नंतर टाक, आधी तिला परत घे.

आणि बाई, शेवटची एक विनंती. आपली जुनी हजेरी तुम्ही आज मुद्दाम आणली आहे, ती मी मघाशी बघितली. एकदा फक्त अठ्ठावीसपासून पुढे म्हणा. मला ते ऐकायचंय. तिच्या "हजर"नंतर माझं "हजर".