औषधदानाचा विवेक : आतड्याच्या कर्करोगावरील एका गोळीच्या निमित्ताने

(सुवर्ण महोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक भाषणाचा लिखित पाठ)



आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदान आज सर्वांत अवघड झाले आहे. भुकेल्याला अन्न दिले की त्याची भूक भागते, हे दात्याला डोळ्यांनी दिसते. औषधाचे तसे नाही. लाखो रुपयांच्या औषधाने रुग्णाला नेमके काय मिळते, हे दात्याला ठाऊक नसते आणि पुष्कळदा रुग्णाच्या कुटुंबालाही ठाऊक नसते. घरातील दागिने मोडले जातात, शेत गहाण पडते, समाजाच्या संस्थेकडे अर्ज येतो. परंतु मूळ प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारता यावा, यासाठी एकाच औषधाचा विचार येथे करावयाचा आहे.

मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग यकृतात किंवा फुप्फुसात पसरला म्हणजे त्याला चौथी अवस्था म्हणतात. काही निवडक रुग्णांत यकृतातील गाठी शस्त्रक्रियेने काढता येतात. इतरांना प्रामुख्याने केमोथेरपी व तिच्या जोडीला काही विशेष इंजेक्शने दिली जातात. हे उपचार निष्प्रभ ठरू लागले की डॉक्टर तोंडाने घ्यावयाच्या गोळीचा विचार करतात. रेगोराफेनिब ही अशीच एक गोळी. बायर या जर्मन कंपनीच्या या औषधाला अमेरिकेत सप्टेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली.

या गोळीला लक्ष्यवेधी उपचार म्हणतात, त्याचे कारण समजण्यास कठीण नाही. गाठीला वाढण्यासाठी रक्त लागते. ते मिळावे म्हणून ती नव्या रक्तवाहिन्या तयार होण्याचा संदेश सोडते. हा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांचे कार्य रेगोराफेनिब रोखते. आपल्या कपाशीच्या मुलुखात हे सांगावयाचे तर, पिकाचे पाणी तोडले की ते त्याच दिवशी वाळत नाही, पण त्याची वाढ खुंटते. या गोळीने गाठ क्वचितच लहान होते. लाभ झालाच तर तिची वाढ काही काळ थांबते.

हा काळ किती? १६ देशांतील ७६० रुग्णांवर या औषधाची मोठी चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना औषधविरहित गोळी दिली, त्यांच्यापैकी निम्मे रुग्ण ५ महिन्यांहून अधिक जगले. ज्यांना रेगोराफेनिब दिले, त्यांच्यापैकी निम्मे ६.४ महिन्यांहून अधिक जगले. म्हणजे अंतर सुमारे सहा आठवड्यांचे. औषध घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ४१ जणांचा आजार काही काळ आटोक्यात राहिला. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ होते.

या आकड्यांवरून गोळी निरुपयोगी ठरविणे अन्यायाचे होईल. काही रुग्णांना यापेक्षा बराच अधिक काळ मिळतो, आणि घरातील एखादे मंगलकार्य पाहता येणे याचे मोल पैशात होत नाही. तथापि, 'ही गोळी घेतली की रोग जाईल' अशी समजूत करून घेऊन घर विकणे हाही त्या रुग्णाच्या मुलाबाळांवरील अन्यायच होय.

किमतीचा विचार करताना मुंबईत घडलेला एक इतिहास आठवावा लागतो. रेगोराफेनिबचे थोरले भावंड म्हणावे असे सोराफेनिब नावाचे औषध आहे. दोहोंच्या रचनेत फ्लोरिनच्या एका अणूचाच काय तो फरक. सोराफेनिब यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावर देतात. बायरच्या या औषधाच्या एका महिन्याच्या १२० गोळ्यांना भारतात २,८०,४२८ रुपये पडत. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला हे औषध बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला. औषध पुरेशा रुग्णांपर्यंत पोहोचत नाही, त्याची किंमत परवडणारी नाही आणि पेटंटचा वापर भारतात होत नाही, ही तीन कारणे १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ८४ खाली ग्राह्य धरली गेली. नॅटकोने तेवढ्याच गोळ्या ८,८८० रुपयांना द्याव्यात, विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क बायरला द्यावे आणि दरवर्षी ६०० गरजू रुग्णांना औषध विनामूल्य पुरवावे, अशा अटी होत्या. पुढे हे शुल्क ७ टक्के करण्यात आले. १५ जुलै २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले.

व्यापारी समाजाने यातून एक बोध घ्यावा. औषधावर छापलेली किंमत आणि औषधाचा खरा खर्च या भिन्न गोष्टी आहेत. आज रेगोराफेनिबही भारतीय कंपन्यांकडून मिळते आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या दरांत फरक असतो. २०१९ मध्ये केंद्राने ४२ कर्करोग-औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालये अनेक औषधे एकत्रितपणे ठोक भावाने खरेदी करतात. म्हणून पहिल्या दुकानात सांगितलेल्या भावावर मदतीची रक्कम ठरवू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने दोन-तीन ठिकाणचे भाव पाहावेत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा कोणता भाग मिळू शकतो, याची रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारणा करावी.

गोळी घरी घ्यावयाची असल्याने अर्धी जबाबदारी कुटुंबावर येते. प्रचलित मात्रा ४० मिलिग्रॅमच्या ४ गोळ्या, दिवसातून एकदाच, ३ आठवडे. नंतर १ आठवडा विश्रांती. म्हणजे एका आवर्तनाला ८४ गोळ्या. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ गोळ्यांपासून आरंभ करून दर आठवड्याला सोसेल तशी मात्रा वाढविली, तेव्हा अधिक रुग्णांना उपचार पुढे चालू ठेवता आला. म्हणून पहिल्याच वेळी दोन-तीन महिन्यांचा साठा विकत घेऊ नये. पहिल्या आवर्तनात मात्रा बदलू शकते किंवा औषध थांबवावेही लागू शकते.

गोळी रोज ठरावीक वेळी, कमी स्निग्धांशाच्या हलक्या आहारानंतर पाण्याबरोबर घ्यावयाची असते. आपल्याकडील सूर्यास्तापूर्वी भोजनाच्या नियमाला यात बाधा येत नाही. सकाळच्या अल्पाहारानंतरची वेळ सोयीची ठरते. अल्पाहार मात्र तळलेला वा तुपाने माखलेला नसावा. उपवास, आयंबिल किंवा पर्युषणातील दीर्घ तप यांविषयी रुग्णाने गुरुमहाराजांचा आणि डॉक्टरांचा असा दोघांचाही विचार घ्यावा. जुलाब होत असताना निर्जल राहणे धोक्याचे असते.

तळहात-तळपाय लाल होणे, सोलणे व दुखणे हा या गोळीचा फार त्रासदायक परिणाम आहे. यवतमाळच्या वैशाखातील तापलेल्या फरशीवरून अनवाणी दर्शनाला जाणे अशा रुग्णाने टाळावे. भाव घरूनही पोहोचतो. थकवा व रक्तदाब वाढतो. क्वचित यकृताला गंभीर इजा होते, म्हणून उपचारापूर्वी आणि पहिले दोन महिने निदान दर दोन आठवड्यांनी यकृताची रक्ततपासणी आवश्यक आहे. डोळे पिवळे दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. औषधासाठी मदत देणाऱ्याने या तपासण्यांचा व नागपूर किंवा सेवाग्रामच्या येण्याजाण्याचा खर्चही दानात धरावा. तपासणीवाचून दिलेली गोळी हे अपुरे दान आहे.

आणखी एक नाजूक विषय. रुग्ण निवर्तल्यावर उरलेल्या गोळ्या सद्भावनेने दुसऱ्याला दिल्या जातात. मूळ बाटली उघडल्यापासून ७ आठवड्यांनंतर उरलेल्या गोळ्या टाकून द्याव्यात, अशी सूचना या औषधासोबत असते. तेव्हा उघडी बाटली परस्पर कोणालाही देऊ नये. न उघडलेली असल्यास ती रुग्णालयाच्या औषधविभागाला दाखवावी आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

मदतीचा निर्णय करण्यापूर्वी कुटुंबाने डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत. गाठीची जनुकीय तपासणी झाली आहे काय? कारण काही रुग्णांना इम्युनोथेरपी, तर काहींना वेगळी लक्ष्यवेधी गोळी अधिक उपयुक्त ठरते. याच टप्प्यावर अन्य पर्याय कोणते? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिल या गोळीला बेव्हासिझुमॅब या इंजेक्शनची जोड दिल्यावर ७.५ ऐवजी १०.८ महिन्यांचे मध्यम आयुष्य आढळले. या औषधाकडून आमच्या रुग्णाबाबत काय अपेक्षा धरावी? आणि लाभ होत नाही, हे किती दिवसांत कळेल व तेव्हा थांबावयाचे काय?

शेवटचा प्रश्न जिभेवर येत नाही, कारण औषध थांबविणे म्हणजे माणसाला टाकून देणे, असे वाटते. तसे मुळीच नाही. वेदना, उलटी, निद्रानाश आणि भीती यांवर उपचार करणारी वेदनाशामक सेवा हेही औषधच आहे. गोळी चालू असतानाच ती सुरू करता येते आणि गोळी थांबल्यावरही चालू राहते. मॉर्फिनने शांत झोपलेला रुग्ण पाहून घरच्यांना जे समाधान लाभते, तेही औषधदानाचेच फळ समजावे.

आणि अखेरीस, सर्वांत स्वस्त उपायाविषयी. हा रोग आतड्यापुरताच मर्यादित असताना सापडला, तर अमेरिकेतील आकडेवारीनुसार १० पैकी सुमारे ९ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, कारणाशिवाय रक्त कमी होणे, वजन घटणे ही लक्षणे मूळव्याध समजून वर्षभर लपविली जातात. संकोचाने गेलेले ते वर्ष पुढे लाखो रुपयांच्या गोळीनेही परत मिळत नाही. वडीलधाऱ्यांनी संकोच सोडावा, सुनांनी-मुलींनी आपला त्रास घरात बोलून दाखवावा आणि वेळीच दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

समाजाच्या संस्थेने गोळीसाठी अवश्य द्यावे. मात्र देताना रुग्णाला खरी माहितीही द्यावी. असे केल्यास औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही तिन्ही दाने एकाच वेळी घडतील.

जय जिनेंद्र!