डोळ्याची घडण आणि पडद्याचे विकार

डोळ्याचा आजार म्हटला की लाल झालेला, चिकटलेला, पाणी गळणारा डोळा आपल्यापुढे उभा राहतो. अशा डोळ्याची काळजी घरातील सर्वजण करतात. परंतु डोळ्याच्या मागील अंगास जे विकार होतात, ते बहुधा दुखत नाहीत आणि डोळा लालही करीत नाहीत. आरशात पाहावे तर डोळा नेहमीसारखाच स्वच्छ दिसतो. यांपैकी काहींचे मूळ मधुमेहात वा रक्तदाबात असते, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. आज मी बोलणार आहे ते याहून कमी परिचित अशा कारणाविषयी, म्हणजे डोळ्याच्या घडणीविषयी. मी वैद्य नव्हे, शाळाशिक्षक आहे. परंतु फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत म्हणून पुढच्या बाकावर येऊन बसणारी मुले वर्षानुवर्षे पाहत आल्यामुळे या विषयाने माझे लक्ष वेधून घेतले.

जन्मतः मुलाचा डोळा पुढून मागे सुमारे 17 मिलिमीटर लांब असतो, आणि वाढ पुरी होईतो तो सुमारे 24 मिलिमीटर होतो. काही मुलांच्या बाबतीत ही वाढ तेथे थांबत नाही. लांबी एका मिलिमीटरने वाढली की चष्म्याचा उणे नंबर अडीच-तीनने वाढतो. लांबी 26 मिलिमीटरच्या पलीकडे गेली, किंवा नंबर उणे सहाच्या पुढे गेला, की त्या डोळ्याकडे केवळ चष्म्याचा डोळा म्हणून पाहून भागत नाही.

याचे कारण सोपे आहे. डोळ्याच्या आतल्या भिंतीस अस्तरासारखे चिकटलेले जे दृष्टिपटल, ज्याला आपण नुसता पडदा म्हणतो, ते डोळ्याबरोबर त्या मानाने वाढत नाही. ते ताणले जाते. तेवढ्याच कणकेची मोठी पोळी लाटू गेल्यास ती जागोजाग विरळ होते, तसाच हा प्रकार. पडद्याच्या कडेला जाळीसारखे विरळ पट्टे दिसतात. हे पट्टे शंभरांतील सहा-आठ माणसांच्या डोळ्यांत सापडतात आणि लांब डोळ्यांत अधिक. बहुतेकांना त्यांपासून जन्मभर काही त्रास होत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

आता डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या गराकडे वळू. काचेसारखा पारदर्शक असा हा गर जवळजवळ सर्व पाणीच असतो. पण तरुणपणी तो घट्ट असतो आणि पडद्यास लागून राहतो. उतारवयात तो पातळ होऊन आक्रसतो व पडद्यापासून सुटतो. लांब डोळ्यांत हीच गोष्ट काही वर्षे आधी घडते. सुटताना तो पडद्यास ओढतो, आणि पडद्यास ओढ एवढीच भाषा कळते ती प्रकाशाची. म्हणून अंधारात वीज चमकल्याचा भास होतो. डोळ्यांपुढे काळे ठिपके, माश्या, कोळ्याचे जाळे तरंगू लागते. बहुतेकदा एवढ्यावरच हे निभावते. परंतु जेथे पडदा विरळ आहे, तेथे ओढीने तो फाटतो; फाटीतून पातळ झालेला द्रव मागे शिरतो, आणि ओल शिरलेल्या भिंतीवरचा गिलावा सुटावा तसा पडदा सुटत जातो. त्याच्या पेशींचे पोषण मागील रक्तवाहिन्यांच्या थरातून होत असल्याने, सुटलेला भाग उपाशी राहू लागतो.

माझे एक सहकारी गणित शिकवीत. त्यांना उणे नऊचा चष्मा होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि जाड भिंगांपासून सुटका झाली, तेव्हा डोळे आता निर्दोष झाले असे त्यांनी मानले. वास्तविक पुढचे भिंग बदलल्याने, अथवा लेसरने नंबर घालविल्याने डोळ्याची लांबी तसूभरही कमी होत नाही. मागचा पडदा होता तसाच ताणलेला राहतो. दोन वर्षांनी एका संध्याकाळी त्यांना चमका दिसू लागल्या. पित्त असेल, जागरण असेल, असे म्हणत त्यांनी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासून संपविल्या. पाचव्या दिवशी नाकाच्या बाजूने काळा पडदा सरकत आला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पडदा पुन्हा बसला. परंतु बारीक वाचनाचे काम करणारा मधला पीतबिंदू तोपर्यंत सुटला होता. त्या डोळ्याला छापील ओळी आजही वाकड्या दिसतात. पीतबिंदू सुटण्यापूर्वी ते गेले असते, तर दृष्टी बहुधा होती तशी राहिली असती.

शंभर वर्षांपूर्वी लवकर जाऊनही उपयोग नव्हता. पडदा सुटला म्हणजे डोळा गेला, असेच वैद्य मानीत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिले की रोगाचे मूळ त्या फाटीत आहे. ती शोधून बंद केली तर पडदा बसतो. बाहेरून तापलेल्या शलाकेने ते नेमकी तेवढी जागा डागीत. पुष्कळांनी प्रथम विश्वास ठेवला नाही. 1929 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेनंतर त्यांच्या पद्धतीस मान्यता मिळाली. आज फाट वेळीच सापडली तर लेसरने तिच्याभोवती कुंपण घालतात, आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. तत्त्व गोनँ यांचेच.

घडणीचा दोष लांबीतच असतो असे नाही. दृष्टीच्या नसेतील दहा-बारा लाख तंतू दीड मिलिमीटरच्या एका छिद्रातून बाहेर पडतात. काहींचे छिद्र जन्मतःच लहान, म्हणून तंतूंची दाटी. अशा डोळ्यात रक्तपुरवठा जरा उणावला की सूज येते, सुजेला जागा नाही, आणि मनुष्य सकाळी उठतो तो एका डोळ्याची अर्धी दृष्टी हरवून. पाच वर्षांत दुसऱ्या डोळ्यासही हे होण्याचा संभव शंभरांत पंधरा इतका आढळला आहे. तसेच पडद्यावर रोहिणी व नीला जेथे एकमेकींना ओलांडतात, तेथे दोघींना एकच वेष्टन असते. रक्तदाबाने रोहिणी कठीण झाली की खालची नीला दबते आणि तेथेच रक्त साकळते. येथे घडण बदलता येत नाही. रक्तदाब बदलता येतो.

लांबीच्या बाबतीत मात्र बालपणी थोडे हाती असते. चीनमधील ग्वांगझौ शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांचा तीन वर्षे अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. ज्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा एक तास उघड्यावर घेतला, तेथे शंभरांतील तीस मुलांना लांबचे दिसेनासे झाले. इतर शाळांत एकोणचाळीसांना. आमच्याकडे परीक्षा जवळ आली की प्रथम कापला जातो तो मैदानाचा तास, हे मी खेदाने नमूद करतो.

ज्यांचा नंबर उणे सहाच्या पुढे आहे, किंवा ज्यांच्या घरात कोणाचा पडदा सुटला आहे, त्यांनी वर्षातून एकदा पडद्याची कड तपासून घ्यावी; चष्म्याच्या दुकानातील नंबरच्या तपासणीत ती दिसत नाही. चमका, एकाएकी वाढलेले ठिपके अथवा बाजूने येणारी काळी सावली, यांपैकी काहीही दिसले तर वर्षाची वाट न पाहता त्याच दिवशी जावे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचे अंधुक दिसते आणि उजेड सहन होत नाही. तेव्हा सायकल वा मोटार स्वतः चालवीत जाऊ नये, बरोबर कोणास तरी न्यावे.