बिऱ्हाड चाकावरचं

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. सायकल किंवा मोटारसायकल घेऊन आठ-पंधरा दिवसांसाठी बाहेर पडणाऱ्यांचं बिऱ्हाड चाकावर असतं. त्यातली मोलाची वस्तू म्हणजे तंबू. तो निवडताना काय पाहावं, हे आज सांगणार आहे.

दुकानात विक्रेता आधी वजन सांगतो. वजन महत्त्वाचं आहेच. कुंभार्ली किंवा आंबेनळीचा घाट सायकलस्वाराला स्वतःच्या पायांनी चढायचा असतो. एकट्यासाठी दोन किलोंच्या आत आणि दोघांसाठी तीन किलोंपर्यंतचा तंबू ठीक. मोटारसायकलला एखादा किलो जास्त चालतो. पण मी वजनाइतकीच गुंडाळलेल्या तंबूची लांबीही पाहतो. दांड्यांचे तुकडे ४०-४५ सेंटिमीटरचे असले, की सामानात मावतात. त्याहून लांब गुंडाळी कॅरियरच्या बाहेर डोकावते आणि घाटात एसटीला बाजू देताना धोका होतो. मी दांड्या सायकलच्या नळीला बांधतो आणि कापड बाजूच्या झोळीत तळाशी ठेवतो. भार खाली राहिला, की तोल सांभाळतो. मोटारसायकलवर तंबू सायलेन्सरपासून लांब बांधावा. नायलॉन उष्णतेनं वितळतं.

दांड्या अ‍ॅल्युमिनियमच्या घ्याव्यात. फायबरग्लासच्या स्वस्त असतात, पण जड असतात आणि उभ्या चिरतात. अ‍ॅल्युमिनियमची दांडी वाकली, तरी वर नळीचा तुकडा सरकवून रात्र निभावता येते. असा तुकडा सोबत हवाच.

आता कापड. पेटीवर १५००, ३००० मिलिमीटर असे आकडे असतात. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड झेलतं, असा त्याचा अर्थ. छताला १५०० पुरतं. जमिनीचं कापड मात्र अधिक आकड्याचं हवं, कारण आपला गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो. नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिस्टर फारसं सैलावत नाही.

तंबू शक्यतो दुहेरी असावा. एकेरी तंबू हलका असतो, पण दोन माणसांच्या श्वासातली वाफ छताला थंड होऊन पहाटे अंगावर ठिबकते. दुहेरी तंबूत ती बाहेरच्या कापडावर जमते आणि आतलं अंथरूण कोरडं राहतं.

हा तंबू कुठे लावणार, यावरही निवड ठरते. कोकणात ऑक्टोबरच्या उकाड्यात आतला भाग जाळीचा असेल, तर झोप लागते. तिथे जांभ्या दगडात खुंट्या शिरत नाहीत. म्हणून खुंट्यांशिवाय स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू बरा. मनाली-लेह रस्त्यावर सरचू सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. तिथे रात्री बोचरी थंडी असते, वारा सुटला की जाळीतून धूळ आत येते. तिथे आतला भाग भरीव कापडाचा हवा. वाऱ्यासाठी दोऱ्या दगडांना घट्ट बांधाव्यात. अशा उंचीवर अंथरूण आणि कपडे भिजले, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. शरीराची उष्णता झपाट्यानं जाते, माणूस गोंधळतो, जीवावर बेतू शकतं. तंबूचे चार पैसे वाचवताना हे ध्यानात ठेवावं.

थंडी कितीही असो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. कोरड्या नदीपात्रातही तंबू ठोकू नये. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि लोंढा रात्री खाली येतो.

नवा तंबू घेतला, की गच्चीवर दोनदा उभारून पाहावा, त्यातही एकदा अंधारात. वरून दोन बादल्या पाणी ओतावं. शिवण कुठे गळते, ते घरीच कळलेलं बरं. प्रवासाहून आल्यावर तंबू सावलीत पूर्ण वाळवूनच ठेवावा. आपल्या दमट हवेत ओला गुंडाळलेला तंबू बुरशी धरतो, आतला लेप चिकट होतो आणि महागाचा तंबूही दोन-चार पावसाळ्यांत निकामी ठरतो.

रात्री कोरडी झोप मिळाली, तर दुसऱ्या दिवशी घाटातल्या वळणावर डोळे आणि हात ताळ्यावर राहतात. तंबूचं खरं काम एवढंच आहे.